जेंटूमध्ये यूज फ्लॅगचा खरा अर्थ कसा शोधायचा: नव्यांसाठी मार्गदर्शक

जेंटू लिनक्सवर एखादे पॅकेज बसवायला घेतले की पोर्टेज, म्हणजे जेंटूचे पॅकेज बसवणारे साधन, त्याच्या नावापुढे शब्दांची लांब रांग दाखवते. काही शब्द लाल, काही निळे, काहींच्या आधी वजा चिन्ह, काही कंसात. हे यूज फ्लॅग. पॅकेज कंपाइल होताना त्यात काय घालायचे आणि काय वगळायचे, ते या शब्दांवर ठरते. नवा माणूस बहुतेक वेळा नावावरून अंदाज बांधतो. 'कर्ल' मी वापरत नाही, काढून टाकू. 'लुआ' म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, मला काय उपयोग? मग एमपीव्ही प्लेयरमधून 'लुआ' काढल्यावर व्हिडिओवरची बटणे आणि वेळेची पट्टी नाहीशी होते आणि कारण सापडत नाही, कारण ती पट्टी लुआ स्क्रिप्टवर चालते.

फ्लॅगचा अर्थ त्याच्या नावात नसतो, तो त्या त्या पॅकेजमध्ये असतो. एकच फ्लॅग दोन पॅकेजेसमध्ये वेगळे काम करू शकतो. म्हणून शोधाची सुरुवात नेहमी पॅकेजपासून करा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. बहुतेक प्रश्न दुसऱ्या पायरीवरच सुटतील, अडलेल्यांसाठी चौथी आणि पाचवी आहे.

वाचण्यापूर्वी: इथे सगळ्या कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. वेगळे सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान. यूज, फीचर्स, आययूज यांसारखी सेटिंगची नावे मात्र मोठ्या लिपीत.

लागणारी साधने

- पोर्टेज, म्हणजे इमर्ज कमांड. ती आधीपासून असतेच.
- ॲप-पोर्टेज/जेंटूलकिट. यातून इक्वेरी आणि ईयूज या दोन कमांड मिळतात. ताज्या इन्स्टॉलमध्ये हे पॅकेज नसते, 'इमर्ज --आस्क ॲप-पोर्टेज/जेंटूलकिट' असे बसवा.
- ॲप-पोर्टेज/पोर्टेज-युटिल्स. यातली क्यूयूज कमांड फार वेगवान आहे.
- ॲप-पोर्टेज/ईक्स. लगेच लागत नाही, पण शेवटच्या पायरीत उपयोगी पडते.
- सिंक केलेली रिपॉझिटरी, म्हणजे जेंटूच्या सगळ्या पॅकेजेसची माहिती असलेला संग्रह. ती /व्हार/डीबी/रेपोज/जेंटू इथे असते. जुन्या लेखांत /यूएसआर/पोर्टेज असा पत्ता दिसेल, तो आता धरू नका.

माहिती शोधायला सहसा रूट परवानगी लागत नाही. फाइली बदलायला आणि पॅकेज बसवायला लागते.

१. आधी पोर्टेज काय दाखवते ते नीट वाचा

'इमर्ज -पीव्हीओ डेव्ह-व्हीसीएस/गिट' ही कमांड द्या. यातला 'ओ' मोठ्या लिपीतला. पी म्हणजे नुसते दाखव, बसवू नकोस. व्ही म्हणजे सविस्तर. मोठा ओ म्हणजे डिपेंडन्सी (सोबत लागणारी इतर पॅकेजेस) सोडून दे, फक्त याच पॅकेजचे सांग. व्ही दिला नाही तर पोर्टेज सगळे फ्लॅग दाखवत नाही आणि अर्धेच चित्र समोर येते.

खुणांचे अर्थ असे:

- लाल फ्लॅग चालू आहे. निळा आणि आधी वजा चिन्ह असलेला बंद आहे.
- शेवटी तारा आणि हिरवा रंग असेल, तर मागच्या वेळी बसवले त्यापेक्षा आता स्थिती उलटली आहे.
- शेवटी टक्क्याची खूण आणि पिवळा रंग असेल, तर फ्लॅग पॅकेजमध्ये नव्याने आला आहे किंवा काढला गेला आहे.
- गोल कंसातला फ्लॅग प्रोफाइलने, म्हणजे जेंटूने आखून दिलेल्या सेटिंगच्या संचाने, सक्तीने चालू किंवा बंद ठेवलेला असतो, किंवा पॅकेजमधून गेलेला असतो. तुम्ही नुसते लिहून तो बदलणार नाही.
- महिरपी कंसातला फ्लॅग पोर्टेजच्या फीचर्स या सेटिंगला बांधलेला असतो. 'टेस्ट' फ्लॅग असा दिसतो.

गोल कंसाच्या बाबतीत अनेकांचा वेळ वाया जातो. पॅकेज.यूज फाइलमध्ये (पॅकेजनिहाय फ्लॅग इथे लिहितात) फ्लॅग लिहिला, पुन्हा तपासले, तरी तो बंदच. पोर्टेज त्याबद्दल तक्रारही करत नाही. अशा वेळी रिपॉझिटरीच्या प्रोफाइल्स डिरेक्टरीत यूज.मास्क, यूज.फोर्स आणि पॅकेज.यूज.मास्क या फाइलींत तो फ्लॅग शोधा. तिथे बहुधा वरच्या ओळीत कारणही लिहिलेले असते: एखादी लायब्ररी त्या प्रोसेसरवर चालत नाही, किंवा अजून तपासलेली नाही. कारण वाचल्याशिवाय मास्क, म्हणजे ही बंदी, उठवू नका.

२. पॅकेजचे स्वतःचे वर्णन काढा

'इक्वेरी यूजेस डेव्ह-व्हीसीएस/गिट' ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची कमांड. 'यूजेस'च्या जागी नुसते यू हे अक्षर दिले तरी चालते. उत्तरात प्रत्येक फ्लॅगच्या आधी दोन रकाने असतात. पहिला सांगतो की आता बसवले तर फ्लॅग चालू असेल का. दुसरा सांगतो की सध्या बसलेल्या पॅकेजमध्ये तो चालू आहे का. पुढे एका ओळीत वर्णन. दोन रकाने जुळत नसतील, तर सेटिंग बदलल्यापासून ते पॅकेज पुन्हा कंपाइल झालेले नाही.

आता 'कर्ल' बघा. त्याचे सर्वसाधारण वर्णन एवढेच आहे की यूआरएलवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीचा आधार जोडला जाईल. गिटचे स्वतःचे वर्णन मात्र सांगते की एचटीटीपी आणि एचटीटीपीएसवरून रिपॉझिटरी आणणे आणि पाठवणे या फ्लॅगमुळे जमते. तो बंद करून गिट बसवले, तर एचटीटीपीएस पत्त्यावरून क्लोन करताना रिमोट हेल्पर सापडत नाही असा एरर येतो. एररमध्ये कर्लचे नाव नसते, त्यामुळे माणूस नेटवर्क आणि प्रमाणपत्रे तपासत बसतो. 'टीके'चेही तसेच. नावावरून ती एक ग्राफिक लायब्ररी वाटते, गिटमध्ये मात्र तिचा अर्थ गिट-के आणि गिट-गुई ही दोन साधने बसवणे असा आहे.

ही खास वर्णने पॅकेजच्या डिरेक्टरीतल्या मेटाडेटा.एक्सएमएल या फाइलमधून येतात. इक्वेरी नसेल तर ती फाइल थेट उघडून वाचा, साध्या इंग्रजीत असते.

३. हाच फ्लॅग बाकी सिस्टिमवर कुठे लागतो ते पाहा

फ्लॅग दोन प्रकारचे. सार्वत्रिक फ्लॅगची व्याख्या प्रोफाइल्स/यूज.डेस्क या एका फाइलमध्ये असते. स्थानिक फ्लॅग एकेका पॅकेजपुरते असतात आणि त्यांची एकत्र यादी प्रोफाइल्स/यूज.लोकल.डेस्क मध्ये मिळते. ही दुसरी फाइल सगळ्या पॅकेजेसच्या मेटाडेटावरून तयार केली जाते. तुम्ही डेव्हलपरांची कच्ची गिट रिपॉझिटरी सिंक करत असाल, तर ती तिथे नसेल. त्यात बिघाड काही नाही.

'ईयूज -आय कर्ल', छोटा आय, दोन्ही वर्णने दाखवते. मोठा आय दिला तर बसलेल्या पॅकेजेसची यादीही मिळते. 'क्यूयूज -डी कर्ल', मोठा डी, हेच काम झटकन करते. 'इक्वेरी हॅजयूज कर्ल' सांगते की तुमच्याकडे बसलेल्या कोणकोणत्या पॅकेजेसना हा फ्लॅग आहे.

मेक.कॉन्फमध्ये, म्हणजे सगळ्या सिस्टिमसाठी, फ्लॅग बदलण्याआधी ही यादी वाचलीच पाहिजे. यादी लांब असेल आणि तुम्हाला बदल एकाच पॅकेजमध्ये हवा असेल, तर मेक.कॉन्फला हात लावू नका.

काही सार्वत्रिक फ्लॅग हमखास फसवतात:

- डीबग: जादा तपासण्या आणि जादा संदेश असलेला कोड चालू करतो. क्रॅश झाल्यावर वाचता येईल असा बॅकट्रेस यातून मिळेलच असे नाही. त्यासाठी कंपायलरच्या फ्लॅगमध्ये जीजीडीबी आणि फीचर्समध्ये स्प्लिटडीबग लागते. 'डीबग' सगळीकडे चालू केला तर प्रोग्राम मंद होतात आणि हाती काही लागत नाही.
- डॉक: एपीआयसारखे जादा दस्तऐवज. सहसा मॅन पेज याशिवायही येतात. सार्वत्रिक चालू केला तर दस्तऐवज बनवणारी अवजड साधने मागोमाग येतात. यूज.डेस्कमध्येच सल्ला आहे की तो पॅकेजनिहाय चालू करावा.
- मिनिमल: 'हलके' असा अर्थ घेऊन लोक सगळीकडे चालू करतात. तो प्लगिन, फॉन्ट, ड्रायव्हर वगळतो, आणि नेमके काय वगळतो ते प्रत्येक पॅकेजमध्ये वेगळे असते.
- कस्टम-सीफ्लॅग्ज: वर्णनातच लिहिले आहे की याला आधार दिला जात नाही. काही बिघडले तर तक्रार स्वीकारली जाणार नाही.

४. वर्णन अपुरे वाटले तर ईबिल्ड उघडा

ईबिल्डची भीती वाटण्याचे कारण नाही. पॅकेज कसे बनवायचे ते सांगणारी, बॅशमध्ये लिहिलेली ती मजकूर-फाइल आहे आणि तुम्हाला तिच्यातली मोजकीच ठिकाणे वाचायची आहेत. 'इक्वेरी विच डेव्ह-व्हीसीएस/गिट' फाइलचा पूर्ण पत्ता देते. ती उघडा आणि फ्लॅगचे नाव शोधा. ते चार जागी सापडू शकते.

पहिली जागा आययूज. इथे पॅकेजचे सगळे फ्लॅग असतात. आधी अधिक चिन्ह असेल तर पॅकेजच्या देखभालकर्त्याने तो मुळात चालू ठेवला आहे. हा त्याचा विचारपूर्वक दिलेला सल्ला समजा.

दुसरी जागा डिपेंड आणि आरडिपेंड. फ्लॅगचे नाव, पुढे प्रश्नचिन्ह आणि कंसात पॅकेजेस. फ्लॅग चालू केल्यावर आणखी काय बसेल ते इथे कळते. बऱ्याचदा वर्णनापेक्षा हीच ओळ जास्त सांगून जाते.

तिसरी जागा रिक्वायर्ड_यूज, म्हणजे फ्लॅगांमधले आपापसातले नियम. 'वेबडॅव्ह? ( कर्ल )' याचा अर्थ वेबडॅव्ह चालू असेल तर कर्लही चालू हवा. वर चढत्या टोकाच्या दोन खुणा आणि पुढे कंस असेल तर यादीतला नेमका एक. दोन उभ्या रेघा असतील तर किमान एक. दोन प्रश्नचिन्हे असतील तर जास्तीत जास्त एक. गिटमध्ये वेबडॅव्ह मुळात चालू असतो. म्हणून तुम्ही नुसता कर्ल बंद केला तर पोर्टेज अडते आणि हाच नियम पडद्यावर छापते. तो संदेश एररचा वाटला तरी त्यात उत्तरच आहे: दोन्ही बंद करा किंवा दोन्ही ठेवा.

चौथी जागा प्रत्यक्ष कंपाइल करणारा भाग. इथे यूज_इनेबल, यूज_विथ, यूजएक्स, मेसन_यूज, मेसन_फीचर असे शब्द दिसतील. 'यूज_इनेबल एनएलएस' असेल तर फ्लॅग चालू असताना मूळ सॉफ्टवेअरला --इनेबल-एनएलएस आणि बंद असताना --डिसेबल-एनएलएस असा पर्याय जातो. यातून मूळ सॉफ्टवेअरच्या पर्यायाचे नाव हाती लागते, आणि ते मिळाले की शेवटचा शब्द मूळ लेखकांचा.

गिटचा वेबडॅव्ह याचे चांगले उदाहरण आहे. वर्णन म्हणते, एचटीटीपी रिपॉझिटरीत पुश करण्यासाठी. ते वाचून वाटते की हा बंद केला तर आपल्या रोजच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसने पुश होणार नाही. गिटची मेकफाइल उघडली तर वेगळे कळते. एक्सपॅट ही लायब्ररी नसेल तर जुन्या पद्धतीचा, डॅव्हवर चालणारा पुश बंद होतो. आजचे सर्व्हर स्मार्ट एचटीटीपी वापरतात आणि त्याला कर्ल पुरतो. म्हणजे कर्ल बंद करणे बहुतेकांना महागात पडेल, वेबडॅव्ह बंद केल्याचे बहुतेकांना जाणवणारही नाही. नुसत्या नावांवरून हा फरक कळला नसता.

एफएफएमपेगचा 'एक्स२६४' उलट्या दिशेने फसवतो. एच.२६४ व्हिडिओ दिसायला हवेत म्हणून लोक तो चालू करतात. प्रत्यक्षात एफएफएमपेगचा एच.२६४ डिकोडर त्याच्या आतच आहे. हा फ्लॅग लागतो तो व्हिडिओ एन्कोड करण्यासाठी. तुम्ही फक्त व्हिडिओ पाहत असाल तर त्याची गरज नाही. 'लेम' हाही असाच, एमपी३ बनवण्यासाठी. ऐकण्याशी त्याचा संबंध नाही.

५. मूळ सॉफ्टवेअरला विचारा

ईबिल्डमधून पर्यायाचे नाव मिळाले, पण त्याचे परिणाम कळले नाहीत, तर सोर्स उलगडा: 'ईबिल्ड', पुढे ईबिल्ड फाइलचा पत्ता, पुढे 'अनपॅक'. सोर्स /व्हार/टीएमपी/पोर्टेज मध्ये त्या पॅकेजच्या डिरेक्टरीत, वर्क नावाच्या भागात उलगडतो. मग:

- ऑटोटूल्स असेल तर तिथल्या कॉन्फिगर फाइलला --हेल्प द्या.
- मेसन असेल तर मेसन_ऑप्शन्स.टीएक्सटी किंवा मेसन.ऑप्शन्स फाइल वाचा. प्रत्येक पर्यायाखाली वर्णन असते.
- सीमेक असेल तर 'सीमेक -एलएएच', तिन्ही अक्षरे मोठी, आणि पुढे सोर्सचा पत्ता. हे वेगळ्या रिकाम्या डिरेक्टरीत उभे राहून चालवा, नाहीतर सोर्समध्ये फाइलींचा पसारा होतो.

६. फ्लॅग चालू कोणी केला?

तुम्ही कुठेच लिहिला नाही, तरी फ्लॅग चालू दिसतो. पोर्टेज अनेक ठिकाणांहून माहिती घेते. सर्वांत वरचढ ते सर्वांत दुबळे असा क्रम: कमांडच्या आधी लिहिलेला यूज, मग पॅकेज.यूज, मग मेक.कॉन्फ, मग प्रोफाइल, आणि त्याखाली ईबिल्डमधले अधिक चिन्ह. पूर्ण क्रम मेक.कॉन्फच्या मॅन पेजमध्ये यूज_ऑर्डर या नावाखाली आहे.

प्रोफाइल कोणता ते 'ईसिलेक्ट प्रोफाइल शो' सांगते. डेस्कटॉप प्रोफाइल घेतला असेल तर बरेच फ्लॅग त्यातूनच आलेले असतात, आणि ते हिशोबाने निवडलेले असतात.

इथले दोन सापळे लक्षात ठेवा. कमांडच्या आधी यूज लिहून बसवलेले पॅकेज त्या एका वेळेपुरते तसे बनते. पुढच्या अपडेटला पोर्टेज ते विसरते आणि सुविधा गायब होते. दुसरा सापळा मेक.कॉन्फमध्ये वजा-तारा लिहिण्याचा. सगळे बंद करून हवे तेवढेच चालू करू, हा विचार आकर्षक वाटतो. पण त्याने प्रोफाइलची निवड आणि देखभालकर्त्यांनी अधिक चिन्हाने दिलेले सल्ले दोन्ही पुसले जातात, आणि पुढचा प्रत्येक बदल तुम्हाला स्वतः सांभाळावा लागतो. नव्या माणसाने हे करू नये.

७. गटातले फ्लॅग: एल१०एन, व्हिडिओ_कार्ड्स आणि मंडळी

काही फ्लॅगच्या नावाला गटाचे नाव जोडलेले असते, उदाहरणार्थ एल१०एन_एमआर. यांची वर्णने यूज.डेस्कमध्ये सापडणार नाहीत. प्रोफाइल्स/डेस्क या डिरेक्टरीत प्रत्येक गटाची स्वतंत्र फाइल आहे, तिथे बघा.

मराठी वाचकांना यातला एल१०एन उपयोगी आहे. मेक.कॉन्फमध्ये एल१०एन, मोठ्या लिपीत, आणि त्याचे मूल्य 'ईएन-जीबी एमआर' (यातले जीबी मोठ्या लिपीत) असे दिले, की फायरफॉक्सचा मराठी भाषासंच आणि लिब्रेऑफिसच्या भाषांतर-पॅकेजमधले मराठी मिळते. त्याची लिंग्वासशी गल्लत करू नका. लिंग्वास आता यूज फ्लॅग नाही. गेटटेक्स्ट वापरणारी पॅकेजेस ते थेट वाचतात आणि त्यात नसलेल्या भाषांचे अनुवाद बसवतच नाहीत. कारण माहीत नसेल तर लिंग्वासला मूल्य देऊ नका.

प्रोसेसरच्या गटासाठी अंदाज नकोच. ॲप-पोर्टेज/सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्ज बसवा, चालवा आणि मिळालेली ओळ पॅकेज.यूजमध्ये टाका. ओळीच्या सुरुवातीला तारा, तिरकी रेघ, तारा असे लिहायचे, म्हणजे ती सर्व पॅकेजेसना लागू होते.

८. बदल लिहा, मग पुन्हा तपासा

/ईटीसी/पोर्टेज/पॅकेज.यूज ही डिरेक्टरी ठेवा आणि विषयवार फाइली करा. ओळ अशी: 'डेव्ह-व्हीसीएस/गिट टीके -वेबडॅव्ह'. वरच्या ओळीत हॅश चिन्ह देऊन कारण लिहा. सहा महिन्यांनी तो फ्लॅग का बंद केला ते आठवणार नाही. फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात, म्हणून एकच पॅकेज दोन फाइलींत असेल तर नंतरची फाइल जिंकते.

स्पेलिंग चुकले तर ती ओळ नुसती पडून राहते आणि काहीच होत नाही. त्यामुळे लिहिल्यावर पहिल्या पायरीची कमांड पुन्हा द्या आणि हव्या त्या फ्लॅगवर तारा आला का पाहा. मग 'इमर्ज --आस्क --व्हर्बोज --अपडेट --डीप --चेंज्ड-यूज @वर्ल्ड'. --चेंज्ड-यूजच्या जागी --न्यूयूज दिले, तर ईबिल्डमध्ये एखादा फ्लॅग नुसता वाढला किंवा गेला आणि तुमच्याकडे तो बंदच असला, तरी पॅकेज पुन्हा कंपाइल होते. लॅपटॉप जुना असेल तर हा फरक काही तासांचा ठरू शकतो.

डिसेंबर २०२३ पासून जेंटू अधिकृत बायनरी पॅकेजेसही मोठ्या प्रमाणावर देते. ती वापरत असाल तर ध्यानात ठेवा की तुमचे फ्लॅग त्या बायनरीशी जुळले नाहीत, तर पोर्टेज ती सोडून सोर्सवरून कंपाइल करायला घेते.

पोर्टेजने फ्लॅग-बदल गरजेचे आहेत असे सांगून ते स्वतः लिहू का विचारले आणि तुम्ही हो म्हटले, तरी काम अर्धेच झालेले असते. त्यानंतर 'डिस्पॅच-कॉन्फ' चालवून बदल स्वीकारावे लागतात, नाहीतर तोच संदेश पुन्हा येतो. स्वीकारण्याआधी त्यातला प्रत्येक फ्लॅग दुसऱ्या पायरीने तपासा.

पॅकेज शेवटी कोणत्या फ्लॅगनी बनले याची नोंद /व्हार/डीबी/पीकेजी मध्ये त्या पॅकेजच्या डिरेक्टरीत, मोठ्या लिपीत नाव असलेल्या यूज या फाइलमध्ये असते. सेटिंग काहीही म्हणो, ही फाइल म्हणते ते खरे. फ्लॅग बंद केल्यावर निरुपयोगी झालेल्या लायब्ररी 'इमर्ज --आस्क --डेपक्लीन'ने काढा, यादी वाचून मगच होकार द्या. आणि अधूनमधून 'ईक्स-टेस्ट-ऑब्सोलीट' चालवा. पॅकेज.यूजमध्ये उरलेल्या, आता अस्तित्वात नसलेल्या फ्लॅगच्या ओळी ते दाखवते.